पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरू नयेत, याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय : लहान मुलांच्या शाळेची वेळ सूर्योदय आणि झोप लक्षात घेऊन ठरवावी, ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन आदेशाची काटेकोर अंमलबजावणी व्हावी

महोदय,

पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत, असा आदेश शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. मुलांच्या झोपेचा विचार करून शाळेची वेळ ठरवणारा हा निर्णय आम्हाला मोलाचा वाटतो. मात्र ज्या संस्थांना वेळ बदलणे अवघड आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, अशी सवलतही त्याच आदेशात आहे. अडचण म्हणजे काय, ती किती काळ ग्राह्य धरायची, याचे निकष स्पष्ट नसल्याने मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ शाळांची घंटा आजही सात-साडेसातला होते. या प्रश्नाची आजवरची चर्चा 'आजकाल घरोघरी उशिरा झोपतात' या एका वाक्याभोवती फिरत राहिली. त्यापलीकडचे एक कारण आपल्यासमोर ठेवण्यासाठी हे निवेदन आहे : पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाचे सात आणि घड्याळाचे सात हे एक नाहीत.

भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरलेली आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे दर अंशाला सूर्योदय चार मिनिटांनी लांबतो. मुंबई जवळजवळ ७३ अंशांवर असल्याने इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी ३९ मिनिटे मागे असतो. रत्नागिरीत हा फरक सुमारे ३७ मिनिटांचा, पुण्यात ३५, कोल्हापुरात ३३, तर नागपुरात १४ मिनिटांचाच आहे. फेब्रुवारीत मुंबईत सूर्य माथ्यावर येईपर्यंत पाऊण वाजून गेलेला असतो. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिला विरोध केला आणि 'मुंबई टाइम' पुढे कित्येक दशके ३९ मिनिटे मागेच चालत राहिला. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, सरकारने देशभरची घड्याळे आणखी एक तास पुढे नेली होती. युद्ध संपल्यावर तो तास परत घेतला गेला. प्रमाणवेळ बदलावी अशी आमची मागणी नाही. एवढ्या मोठ्या देशाचे घड्याळ एक असावे हे आम्हाला मान्य आहे. पण घड्याळ एक ठेवायचे, तर शाळेची घंटा तरी त्या त्या ठिकाणचा सूर्य पाहून वाजली पाहिजे. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या वर्गासाठी साडेसहाची बस गाठायची, तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला पावणेसहाच्या आत उठवावे लागते, म्हणजे सूर्योदयाच्या दीड तास आधी. त्याची पहिली तासिका सुरू होते तेव्हा बाहेर अजून ऊन पडलेले नसते.

घड्याळ आणि सूर्य यांची अशी फारकत झाली की शरीराचे काय होते, याचा पुरावा युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जमा झालेला आहे, कारण तिथे बहुतेक ठिकाणी दर मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे नेतात आणि शरद ऋतूत मागे घेतात. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, साऱ्या जर्मनीचे घड्याळ एकच असले तरी लोकांच्या झोपेच्या वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडे सूर्योदयाबरोबर सरकत जातात. शरीर प्रमाणवेळेला नव्हे, प्रकाशाला जुळवून घेते. अमेरिकेतल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात मार्चमधल्या बदलानंतरच्या आठवड्यात रोज रात्री सरासरी ३२ मिनिटांची झोप कमी झाल्याचे आणि दिवसा त्यांची सावधानता घटल्याचे आढळले. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये हा वार्षिक बदल बंद करून वर्षभर प्रमाणवेळच ठेवावी अशी शिफारस केली. त्याआधी, ६ जानेवारी १९७४ पासून, तेलसंकटामुळे अमेरिकेने भर हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेले, आणि ते वर्षभर तसेच राहावे असे ठरवले. मुले अंधारात शाळेत जाऊ लागली, पालकांत संताप पसरला, काही ठिकाणी शाळांना आपली वेळ पुढे ढकलावी लागली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये हिवाळ्यासाठी प्रमाणवेळ परत आणणारा कायदा करावा लागला. तिथे प्रश्न एका तासाचा होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याच्या जवळपास दोन तृतीयांश फरक बाराही महिने आहे. तो शरद ऋतूत कोणी मागे घेत नाही, आणि त्यावर आपण सातची शाळा ठेवली आहे.

'मग मुलांना लवकर झोपवा' हे यावर हमखास मिळणारे उत्तर. ते सदिच्छेने दिले जाते हे आम्ही जाणतो, पण ते अपुरे आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असे बालझोपेचे तज्ज्ञ सांगतात. पावणेसहाला उठणाऱ्या पहिलीतल्या मुलाला दहा तास मिळायचे तर त्याला पावणेआठला गाढ झोप लागायला हवी. जून-जुलैत मुंबईचा सूर्यास्तच सात वीसच्या आसपास होतो. आई किंवा वडील त्या वेळी लोकलमध्ये असतात, स्वयंपाक व्हायचा असतो. लहान मुलांचे शरीर प्रकाशाच्या बाबतीत मोठ्यांहून कितीतरी हळवे असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना झोपण्याआधी तासभर प्रखर प्रकाशात ठेवले, तेव्हा झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचे प्रमाण सुमारे ८८ टक्क्यांनी घटले आणि दिवे मालवल्यानंतरही बराच वेळ ते सावरले नाही. खास भारतातला पुरावा अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांच्या संशोधनात आहे. सूर्यास्त जिथे एक तास उशिरा होतो तिथे मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, कारण ती उशिरा झोपतात, पण शाळेमुळे उशिरा उठू शकत नाहीत; आणि दीर्घकाळात अशा मुलांचे शिक्षण सरासरी ०.८ वर्षाने कमी होते. हा तोटा गरीब घरांत अधिक दिसतो. ज्या घरात एकच खोली आहे, तिथे मोठी माणसे जागी असताना मुलासाठी अंधार कुठून आणायचा? शिस्तीचा उपदेश या खोलीत पोचत नाही. शाळेची वेळ मात्र शासनाच्या हातात आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप विज्ञानाच्याच बाजूने घेतला जातो आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. लहान मुले स्वभावतः लवकर उठणारी असतात, खरा त्रास किशोरवयीन मुलांना होतो, असे म्हणतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको असे सांगितले तेही वरच्या वर्गांसाठीच. हे खरे आहे. पण लहान मूल लवकर उठते ते लवकर झोपल्यावर, आणि उजाडल्याच्या सुमारास. उजाडण्याच्या कितीतरी आधी हलवून उठवावे लागणारे मूल त्या नियमात बसत नाही. ते झोप पूर्ण होण्याआधी उठवलेले मूल असते. आपल्या पूर्वजांचे पहाटे उठणे या चर्चेत अनेकदा पुढे केले जाते. ते दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात अंथरुणाला पाठ टेकत, हा त्या दिनक्रमाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि तो आज शहरात कोणालाच शक्य नाही. किशोरवयीन मुलांच्या झोपेचा प्रश्नही खरा आणि तातडीचा आहे. त्यांच्यासाठीही शासनाने तज्ज्ञांची समिती नेमावी, असे आम्हाला वाटते. पण एका वयोगटावरचा अन्याय हे दुसऱ्या वयोगटाला थांबवून ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

व्यवहाराच्या अडचणी आम्हाला ठाऊक आहेत. नऊच्या सुमारास रस्त्यावर गर्दी असते, बसच्या फेऱ्या वाढतात आणि भाडेही वाढू शकते, ही बसचालकांची तक्रार खोटी नाही. त्यावर शाळांच्या वेळा भागवार थोड्या पुढेमागे ठेवणे, स्कूल बसला थांबण्याच्या जागा देणे हे महापालिका आणि वाहतूक पोलीस करू शकतात. बसचे वेळापत्रक सोपे व्हावे म्हणून मुलांची झोप मोडणे योग्य नाही. लवकर कामावर जाणाऱ्या पालकांसाठी शाळेचे दार आठला उघडावे, मुलांना खेळू द्यावे, खाऊ द्यावे. वर्ग मात्र नऊलाच सुरू व्हावेत. एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात तिथे लहान वर्ग दुपारच्या सत्रात न्यावेत. त्यामुळे मोठ्या मुलांच्या वाट्याला सकाळ येईल हे आम्ही लपवत नाही. मुळात वर्गखोल्या अपुऱ्या आहेत आणि त्या बांधण्याची जबाबदारी संस्था व शासन यांची आहे. उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सकाळची शाळा आवश्यकच असते. नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो आणि त्या दिवसांत राज्यभरच लवकर उजाडते. तेवढ्या आठवड्यांच्या सवलतीला आमचा विरोध नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, नऊच्या आधी लहान वर्ग भरवण्यासाठी दिलेल्या सर्व परवानग्यांचा शासनाने फेरविचार करावा आणि यापुढे परवानगी फक्त एका शैक्षणिक वर्षापुरती, लेखी कारणे नोंदवून आणि शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे म्हणणे ऐकून द्यावी. अशा परवानग्यांची जिल्हावार यादी जाहीर करावी. परवानगी असली तरी कोणत्याही शाळेने सूर्योदयानंतर एक तास उलटल्याशिवाय चौथीपर्यंतचा वर्ग सुरू करू नये, अशी किमान मर्यादा घालावी, म्हणजे सिंधुदुर्ग ते गडचिरोली सर्वांना एकच न्याय लागेल. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ठरवलेले वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास नऊनंतरच्या वेळेत सहज बसतात, त्यामुळे अभ्यासक्रमाचे कारण कोणी पुढे करू नये. खासगी विनाअनुदानित शाळा आणि सर्व मंडळांच्या शाळा यांनाही हा नियम तितकाच लागू असल्याचे नव्या परिपत्रकात स्पष्ट लिहावे.

हा आदेश जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निघावा, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपले नम्र,
प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांचे पालक