उरलेल्या पाण्याचा हिशेब

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला, तेव्हा कारखान्यांच्या सांडपाण्याची आणि शहरी मैलापाण्याची चर्चा पुन्हा एकवार झाली. अशा चर्चेत कारखान्यांच्या बाजूने एक उत्तर आता हमखास येते: आर. ओ. यंत्र बसविले आहे, चिंता नसावी. हे उत्तर अपुरे का, हे समजण्यास शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही.

तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो. सालीतून पाणी आतल्या गोडीकडे ओढले जाते. हे परासरण. दाट बाजूवर पुरेसा दाब दिला, तर पाणी उलट दिशेने वाहते आणि विरघळलेले पदार्थ मागे राहतात. लोब आणि सौरीराजन या संशोधकांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात त्यासाठी योग्य असे पातळ पटल तयार केले आणि ही युक्ती व्यवहारात आली. परंतु यंत्र घाण नाहीशी करीत नाही, वेगळी करते. १०० लिटर सांडपाण्यातून ५० लिटर स्वच्छ पाणी निघाले, तर उरलेले ५० लिटर जवळजवळ दुप्पट दाट झालेले असते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या काही साखर कारखान्यांना जोडून मद्यार्क प्रकल्प आहेत. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना सुमारे ८ ते १५ लिटर काळपट, आम्लधर्मी सांडपाणी निघते. ते नदीत गेले की कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. त्याचा थेंबही बाहेर सोडू नये, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २००३ पासूनचे धोरण. म्हणजे दाट भाग आटवून बॉयलरमध्ये जाळावयाचा, किंवा प्रेसमडमध्ये मिसळून खत करावयाचे. आटविण्यास वाफ लागते, वाफेला पैसा. उघड्यावरचे खत पावसात होत नाही. ओढ्याचा मोह होतो तो याच टप्प्यावर, आणि बहुधा रात्री!

कारखाने हंगामात गाळप आणि उतारा दशांशापर्यंत जाहीर करतात. त्याच फलकावर सांडपाणी किती निघाले, शुद्ध किती झाले, दाट किती उरले आणि जाळले किती, हे चार आकडे लिहिण्यास अडचण कसली? बेरीज जुळली नाही, तर ते ओळखावयास तज्ज्ञ समिती लागणार नाही; कारकुनी नजर पुरेल. तोवर सभासदांनी वार्षिक सभेत निदान एवढे विचारावे: पावसाला सुरुवात झाली त्या दिवशी साठवण तळ्यात दाट पाणी किती शिल्लक होते?