वाट कोणाची?

रस्ता बांधावा लागतो. वाट पावलांनी पडते. म्हणूनच जमीन कोणाची हे सातबाऱ्यासारख्या कागदावरून ठरते, पण त्या जमिनीतून जाणारी वाट कोणाची, हे तितक्या सहज ठरत नाही. बेंगळुरूजवळच्या डोंगरांच्या पायथ्याशी हा प्रश्न ठळकपणे दिसतो.

शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर नंदीचा डोंगर आहे. त्याची उंची १,४७८ मीटर. त्याच्या आसपास स्कंदगिरी, ब्रह्मगिरी, चन्नगिरी व दिव्यगिरी हे डोंगर असून अर्कावती, पालार, पिनाकिनी यांसारख्या नद्या याच परिसरात उगम पावतात. सुट्टीच्या पहाटे शहरातील तरुण डोंगरधारेवरून सूर्योदय पाहावयास निघतात. वनविभागाच्या हद्दीतील काही वाटांसाठी आधी नोंदणी करावी लागते. पायथ्याची शेते मात्र खाजगी असतात. तेथे ना नोंदणी, ना पहारा. नाचणीच्या पिकातून किंवा द्राक्षमळ्याच्या कडेने एखादा चालून गेला, तर बिघडत नाही. शंभर जण गेले, की बांध ढासळतो, पीक तुडवले जाते आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या मागे उरतात. शेतकऱ्याने काटेरी कुंपण घातले, तर त्याला आडमुठा कसे म्हणावे?

संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने नागरिकाला देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि त्याचा अर्थ दुसऱ्याच्या शेतात शिरण्याची मुभा असा होत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातील तत्त्व असे, की एखादी वाट उघडपणे, शांततेने, हक्काच्या भावनेने आणि अखंड २० वर्षे वापरली गेली, तर वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो. हा हक्क शेजारच्या जमिनीच्या धारकाला मिळतो. गावाच्या रूढीने चालत आलेले हक्कही कायदा मानतो. मंदिराला, विहिरीला वा शेताला जाणाऱ्या ग्रामस्थाला त्यांचा आधार आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला नाही.

इतर देशांनी यातून मार्ग काढला आहे. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगारांनी मनाई मोडून किंडर स्काउट या माळरानावर चाल केली. त्यांपैकी काहींना तुरुंगवास घडला. पुढे २००० साली तेथील कायद्याने डोंगर व माळराने पायी फिरणाऱ्यांसाठी खुली केली. नांगरलेली जमीन मात्र वगळली. निसर्ग सर्वांचा, पण पीक पेरणाऱ्याचे, हा विवेक त्यामागे आहे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यात दुरुस्ती करून शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली. निसर्गरम्य जागी शहरी पैसा येतो, तेव्हा शेताची जागा बंगला घेतो आणि बांधाची जागा भिंत. त्या भिंतीने पर्यटकाची वाट अडते, त्याहून अधिक गुराख्याची आणि शेतमजुराची अडते. म्हणून शेतकरी आणि पदयात्री हे खरे प्रतिपक्षी नाहीत. वाट टिकावी यात दोघांचेही हित आहे.

यासाठी गावाच्या नकाशावरील जुन्या वाटा मोजून त्यांच्या खुणा कराव्यात. कोणती वाट बाहेरच्यांना खुली ठेवायची, पेरणी ते कापणीच्या काळात कोणती बंद करायची, हे ग्रामसभेने ठरवावे. पाहुण्यांकडून घेतलेला माफक आकार बांधांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा. पाहुण्यानेही बांधावरूनच एका रांगेत चालावे, उघडलेले फाटक लावावे आणि आपला कचरा परत न्यावा.

हक्क कायदा देतो. वाट मात्र परस्परांच्या विश्वासावर टिकते. ज्याच्या शेतातून आपण जातो, त्याला दोन शब्द बोलून परवानगी मागितल्याने चालणाऱ्याचे काही कमी होत नाही. शेतकऱ्याला मात्र उद्याही वाट मोकळी ठेवावीशी वाटते.