पाण्याआधीचे आणि पाण्यानंतरचे महाड

दर वर्षी 20 मार्चला महाडकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात. मुंबईहून, मराठवाड्यातून, विदर्भातून लोक येतात, चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळभर पाणी घेतात. 1927 साली याच दिवशी पस्तीस वर्षांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या हजारोंनी ते प्राशन केले. 2027 मध्ये त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दीचे मंडप उभे राहतील, स्मरणिका निघतील, भाषणे होतील, आणि ती व्हायलाच हवीत. पण महाड म्हणजे केवळ ती ओंजळ अशी समजूत करून घेतली, तर आपण अर्धेच महाड पाहिले असे होईल.

आज अन्याय पाहून अस्वस्थ होणाऱ्यांची उणीव नाही. कॉलेजात शिकणारी मुले-मुली, नोकरी करणारे तरुण, निवृत्त शिक्षक हे सगळे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: आम्हाला काही करायचे आहे, पण सुरुवात कुठून करायची? या प्रश्नाचे महाडइतके सविस्तर उत्तर आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल. ते 20 मार्चच्या आधीच्या चार वर्षांत आणि नंतरच्या दहा वर्षांत आहे.

सुरुवात एका ठरावाने झाली. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने 1924 च्या आरंभी त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केले. तळ्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, जनावरेही पाणी पीत. आता अस्पृश्यांनाही कागदावर हक्क मिळाला. आणि त्यानंतर तीन वर्षे त्यांच्यातला एकही माणूस त्या पाण्यापर्यंत पोचू शकला नाही. कागदावर मिळालेला हक्क पायाखालच्या जमिनीवर आणणे हे वेगळे काम असते. ते कोणत्याही सरकारी खात्याच्या यादीत नसते. ते माणसांनी मनावर घ्यावे लागते.

महाडमध्ये ते मनावर घेतले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी. महाड-दासगावच्या परिसरात वाढलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला, तेव्हा त्याने ती तक्रार वर्तमानपत्रातून मांडली आणि प्रवेश मिळवला. पुढे आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेलेले हे कार्यकर्ते 1927 साली जेमतेम चोविशीचे होते. कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवावी, आंबेडकरांना अध्यक्षस्थानी बोलवावे, यासाठी ते आधीपासून धडपडत होते. गावोगाव निरोप गेले, वर्गणी गोळा झाली, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या कोकणी मंडळींनी आपल्या गावांकडे शब्द पोचवला. या भागाला आधीपासूनची मशागतही होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती आणि सैन्यातून निवृत्त झालेले महार पेन्शनर या पट्ट्यात मोठ्या संख्येने होते. 19 मार्चला परिषद सुरू झाली, तेव्हा मंडपात अडीच-तीन हजार माणसे बसली होती. ही गर्दी आपोआप जमलेली नव्हती.

त्या परिषदेसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. गावात तळे भरलेले आणि मंडपात विकतचे पाणी. पुढे काय घडले हे समजून घ्यायला एवढा एक तपशील पुरेसा आहे.

परिषदेच्या व्यवस्थेत काही सवर्ण कार्यकर्तेही होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे. परिषद संपत असताना आता सगळ्यांनी तळ्यावर जावे असे सुचवणारे चित्रेच होते. या मंडळींनी आपल्या जातभाईंचा राग ओढवून घेतला आणि तो सोसला. पण त्यांच्या वागण्यातली आणखी एक गोष्ट आजच्या कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. त्यांनी पुढारपण मागितले नाही. जागा, ओळखी, कायद्याची माहिती, नगरपालिकेतले वजन यांपैकी जे त्यांच्यापाशी होते ते त्यांनी चळवळीला दिले आणि नेतृत्व ज्यांच्या अंगावर अन्यायाचे वळ होते त्यांच्याकडेच राहू दिले. दुसऱ्याच्या लढ्यात उतरणाऱ्याला याहून नेमका धडा मिळणे कठीण.

तळ्यावरून लोक परतले आणि दोनेक तासांत महाडमध्ये अफवा उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर चालून गेला. जेवत बसलेल्या, गावाकडे निघालेल्या माणसांना मारहाण झाली. त्यात बायका होत्या, मुले होती. अंगावर लष्करी शिस्त मुरलेले, हातात बळ असलेले कितीतरी पेन्शनर तेथे होते आणि उलट उत्तर देण्याची त्यांची तयारी होती. आंबेडकरांच्या एका शब्दावर महाडमध्ये रक्त सांडले असते. त्यांनी लोकांना शांत राहायला सांगितले, आणि लोक शांत राहिले. जखमींना दवाखान्यात नेले गेले, तक्रारी नोंदवल्या गेल्या, पुढे काही हल्लेखोरांना कोर्टाने तुरुंगात धाडले.

या शांततेला कोणी दुबळेपणा म्हणू नये. हात उचलण्याची ताकद असताना तो आवरणे आणि त्याच वेळी हक्काचा दावा एका शब्दानेही मागे न घेणे, या दोन्ही गोष्टी महाडने एकत्र करून दाखवल्या. शांतता आणि न्याय यांची आपल्याकडे फार लवकर फारकत होते. न्यायाचे नाव घेतले की कुणाला दंगल आठवते आणि शांततेचे नाव घेतले की कुणाला मुकाट सोसणे आठवते. महाडच्या सत्याग्रहींनी मार खाल्ला, पण मुकाट बसले नाहीत. दोनच आठवड्यांत, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले आणि महाडचा प्रश्न त्याच्या पानांवर सविस्तर मांडला जाऊ लागला.

दुसऱ्या बाजूनेही काम चालू होते. तळे बाटले म्हणून 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर झाला, तेव्हा परिषदेला जागा द्यायला एकही हिंदू जमीनमालक तयार होईना. जागा दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. गावातले दुकानदार माल देईनात, म्हणून धान्य-सामान बाहेरून आणून ठेवावे लागले. मुंबईहून आंबेडकर आणि सहकारी बोटीने दासगावला उतरले आणि तिथून महाडला आले. 25 डिसेंबरला सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला आलेल्या स्त्रियांशी आंबेडकर वेगळे बोलले. पेहरावातून लादलेली जातीची खूण टाकून द्या, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले.

आणि मग महाडमधला सर्वांत अवघड निर्णय आला. तळे खासगी आहे असा दावा करून सवर्णांनी कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. तळ्यावर जायचेच, असा त्यांचा कौल होता. आंबेडकरांनी त्यांची समजूत घातली. आपले भांडण जातिव्यवस्थेशी आहे, सरकार आणि कोर्ट यांना त्यात विरोधी बाजूला उभे करायचे नाही, म्हणून सत्याग्रह तहकूब करावा, असे त्यांनी मांडले. लोकांनी ते मानले. पाण्याला हात न लावता तळ्याभोवती मिरवणूक काढून ते परतले. उसळलेल्या हजारोंना थांबवणे आणि थांबूनही त्यांचा निर्धार शाबूत ठेवणे, यासाठी आधीच्या वर्षांत कमावलेला विश्वास लागतो.

त्यानंतर खटला चालला. महाडच्या कोर्टात, मग ठाण्याच्या कोर्टात, मग मुंबई उच्च न्यायालयात. मार्च 1937 मध्ये अंतिम निकाल लागला आणि तो अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची पुरातन रूढी होती, हे वादींना सिद्ध करता आले नाही. ओंजळ आणि निकाल यांच्यामध्ये दहा वर्षे गेली. तारखा पडत राहिल्या, वकिली चालू राहिली, कागद जपले गेले. या दहा वर्षांचे पोवाडे कोणी गात नाही, पण ती वर्षे नसती तर 20 मार्च 1927 ही एक गौरवशाली पण एकाकी तारीख राहिली असती. भारताच्या संविधानातला अनुच्छेद 15 वाचताना विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते हे शब्द समोर येतात, तेव्हा बोल्यांच्या ठरावापासून महाडपर्यंतची वाट त्यामागे दिसते.

या हिशेबात आणखी एक बाजू धरली पाहिजे. महाडहून आपापल्या गावी परतलेल्या माणसांना पुढचे कित्येक महिने मार, बहिष्कार, जमिनीवरून हुसकावणे हे सारे भोगावे लागले. त्यांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत. चळवळीला हाक देणाऱ्याने हा प्रश्न आधीच स्वतःला विचारायला हवा, की मोर्चा संपल्यावर माणसे घरी जातील तेव्हा त्यांच्या पाठीशी कोण असेल? ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याने गर्दी जमवण्याची घाई करू नये.

आजचा महाराष्ट्र 1927 चा नाही. पण त्याच रायगड जिल्ह्यातून, आणि राज्याच्या इतर भागांतूनही, कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी या शतकातही येत राहिल्या. जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांनी मोहीम लावून धरली आणि 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. म्हणजे पुन्हा आपण 1924 च्या महाडमध्ये उभे आहोत. कागद हातात आहे, आणि त्या कागदापासून वाळीत पडलेल्या घराच्या उंबऱ्यापर्यंतचे अंतर कोणाला तरी चालायचे आहे. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरवली जातात आणि गुदमरून मरतात. इथेही तेच अंतर.

म्हणून 'सुरुवात कुठून करू' असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर महाडच्याच अनुभवातले आहे. आपल्या तालुक्यातला असा एक हक्क शोधा, जो कायद्याने दिला आहे आणि माणसांना मिळत नाही. तो कायदा मुळातून वाचा. ज्यांचा तो हक्क आहे, त्यांच्या घरी जा, त्यांचे ऐका, आणि निर्णय त्यांना करू द्या. आपल्यापाशी काय आहे ते पाहा. कोणाला अर्ज नीट लिहिता येतो, कोणाची तहसील कचेरीत ओळख आहे, कोणी वकील आहे, कोणाच्या अंगणात वीस माणसे बसू शकतात. कोणी दर महिन्याला थोडी वर्गणी देऊ शकतो, कोणी कोर्टाच्या तारखेला सोबत जाऊ शकतो. फत्तेखानांनी जमीन दिली, मोऱ्यांनी पायपीट दिली, चित्र्यांनी ऐन वेळी शब्द दिला. अफवा उठली तर ती आपल्या गल्लीत, आपल्या मोबाइलवर थांबवणे हेही आजचे शांततेचे काम आहे, कारण महाडचा हल्लाही एका अफवेनेच पेटला होता.

आणि हे काम एका वर्षात संपणार नाही, हे मनाशी धरून त्यात उतरा. संघटनेत राहा, कारण एकटा माणूस दहा वर्षे टिकत नाही. तरुण कार्यकर्ते थकून बाहेर पडतात, ते बहुधा काम लांबते म्हणून नव्हे, तर ते लांबणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते म्हणून. जुन्या कार्यकर्त्यांनी ते सांगावे आणि आपल्या जागा वेळेत मोकळ्या कराव्यात.

शताब्दीच्या निमित्ताने सरकार स्मारकांवर खर्च करील. संस्था, ग्रामपंचायती, महाविद्यालये आणि वाचनालये यांनी त्याबरोबर एक संकल्प करावा: आपल्या हद्दीत कागदावरच राहिलेला एक हक्क निवडायचा आणि तो मिळेपर्यंत सोडायचा नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याने एवढे केले, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना केलेले ते सर्वांत सच्चे अभिवादन ठरेल.