विश्लेषण : तांजिरो काढता काढता चित्रकला येते का? फॅनआर्टची शाळा आणि ‘एआय आहे का?’ हा प्रश्न

तीन रात्री जागून, बोटाने मोबाइलच्या काचेवर घासून ‘डेमन स्लेयर’मधला तांजिरो पूर्ण होतो. कपाळावरची खूण, कानातली पत्त्यांसारखी कर्णफुले, हिरव्या-काळ्या चौकटींचा झगा, सगळे जमलेले असते. चित्र पोस्ट होते आणि पहिली कॉमेंट येते : ‘एआय आहे का?’

गेल्या काही काळात चित्र शिकणाऱ्या कुठल्याही कॉलेजवयीन मुलाला हा अनुभव नवा राहिलेला नाही. घरात याच्या उलट प्रश्न असतो. ‘दुसऱ्याचेच कार्टून उतरवतोस, त्यात तुझे काय?’ एकीकडे मेहनत खरी मानली जात नाही, दुसरीकडे ती मेहनत कलाच मानली जात नाही. दोन्ही आक्षेपांत थोडे तथ्य आहे, पण फॅनआर्ट म्हणजे टाइमपास हा निष्कर्ष चुकीचा आहे. आवडत्या पात्राची चित्रे काढणे ही आजच्या मुलांना परवडणारी, घरबसल्या मिळणारी चित्रकलेची शाळा आहे. फक्त ती शाळा म्हणून वापरली पाहिजे.

नक्कल करून शिकणे म्हणजे फसवणूक का?

नक्कल ही चित्रकलेतली जुनीच रीत आहे. जुन्या उत्तम चित्रांसमोर बसून ती उतरवणे हा जगभरच्या कलाशिक्षणाचा भाग राहिला आहे. महाराष्ट्रात शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना ‘स्मरणचित्र’ हा शब्द आठवत असेल. समोर काही नसताना प्रसंग आठवून काढायचा. अनेकांना त्याच पेपरची धास्ती असायची. कारण साधे आहे : पाहून उतरवणे वेगळे आणि समजून काढणे वेगळे.

फॅनआर्टमध्येही नेमकी हीच पायरी अडते. सुरुवात बहुतेक जण ट्रेस करून करतात. ॲपमध्ये मूळ चित्र खालच्या लेअरवर ठेवायचे, त्याची अपारदर्शकता कमी करायची आणि वरच्या लेअरवर रेषा ओढायच्या. यात लाजण्यासारखे काही नाही. हात स्थिर होतो, कुठली रेषा जाड आणि कुठली बारीक हे कळते. पण ट्रेस केलेले चित्र ‘स्वतः काढले’ म्हणून टाकणे ही फसवणूक आहे, आणि दोन वर्षे फक्त ट्रेसच करत राहणे ही स्वतःची फसवणूक आहे.

तांजिरोचा तो चौकटीचा झगा, जपानी भाषेत ‘हाओरी’, इथे उत्तम शिक्षक ठरतो. नवशिका चौकटींचा तयार पॅटर्न आणून कपड्यावर सपाट चिकटवतो. चित्र लगेच खोटे दिसते, जणू पात्राला बुद्धिबळाचा पट गुंडाळला आहे. बाही हा एक दंडगोल आहे, कोपरात तो वाकतो, तिथे कापडाला चुण्या पडतात आणि चौकोन त्या चुणीबरोबर वळतात, दबतात, अर्धे लपतात, हे लक्षात आल्यावरच झगा कापडाचा वाटू लागतो. एवढे कळलेल्या मुलाला उद्या नऊवारीचे काठ किंवा घोंगडीवरचे पट्टे काढायला वेगळा क्लास लावावा लागत नाही.

(या चौकटींची आणखी एक गंमत. त्या ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा प्रकाशक शुएशाचा प्रयत्न जपानच्या पेटंट कार्यालयाने २०२१ मध्ये फेटाळला. चौकटींची नक्षी जपानमध्ये फार जुनी आहे, ती एका पात्राची कशी होणार?)

चेहऱ्याचेही तसेच. अमेरिकी चित्रकार अँड्र्यू लुमिस यांनी १९३९ च्या ‘फन विथ अ पेन्सिल’ या पुस्तकात डोके चेंडूसारखे धरून त्यावर डोळ्यांची आणि नाकाची रेषा ओढण्याची पद्धत सांगितली. आजही असंख्य व्हिडिओंमध्ये तीच शिकवली जाते. चेंडू फिरवला की रेषा वळतात आणि चेहरा वर, खाली, बाजूला बघू लागतो. खरी परीक्षा इथेच. ज्या कोनातून पात्र मालिकेत दिसलेच नाही, त्या कोनातून ते काढता आले तर चित्रकला येऊ लागली असे समजावे. आणखी एक फुकटची युक्ती म्हणजे कॅनव्हास आडवा उलटवणे. तासभर बघून डोळ्याला सवय झालेली चूक, वर गेलेला एक डोळा किंवा कललेला जबडा, आरशात दिसावा तसा एका क्षणात दिसतो. पहिल्यांदा बघताना वाईट वाटते. नंतर सवय होते.

साध्या मोबाइलवर हे जमते का?

जमते, पण मोबाइलची मर्यादा ओळखून. साधा टचस्क्रीन फक्त स्पर्श ओळखतो, दाब ओळखत नाही. त्यामुळे दुकानात मिळणारी रबरी टोकाची स्वस्त पेन आणि बोट यांत स्क्रीनच्या दृष्टीने फरक नाही. रेषा बारीक-जाड दिसते ती ॲपने हाताच्या वेगावरून केलेली करामत असते. खरा दाब हवा असेल तर त्यासाठी बनलेली पेन आणि स्क्रीन, किंवा जोडायचा पेन टॅब्लेट लागतो. काही पेन टॅब्लेट ओटीजी केबलने मोबाइललाही जोडता येतात.

दुसरी अडचण मेमरीची. ए-फोर आकाराचे, छापण्याजोगे ३०० डीपीआयचे चित्र म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर एक लेअर ३५ एमबीच्या घरात जातो. वीस लेअर म्हणजे ७०० एमबी. हा कच्चा हिशेब आहे, ॲप बरीच बचत करते. तरी चार जीबी रॅमच्या फोनवर ॲप मधेच का बंद पडते किंवा ‘आणखी लेअर घेता येणार नाही’ असे का सांगते, हे त्यातून कळते. सरावासाठी १५०० बाय १५०० पिक्सेल पुरेसे आहेत, तिथे लेअर नऊ एमबीत बसतो. छापायचे ठरले असेल तर मात्र सुरुवातीलाच मोठा कॅनव्हास घ्यावा. छोटे चित्र नंतर ताणले की रेषा फाटते.

इबिस पेंट मोबाइलवर फुकट चालते, संगणक असेल तर क्रिटा पूर्ण मोफत आहे. आयपॅड आणि प्रोक्रिएट नाही म्हणून थांबलेल्यांनी थांबू नये. अर्थात, ब्रश गोळा करण्याच्या नादात चित्रच न काढणारेही पुष्कळ आहेत.

एआयने नेमके काय बिघडवले?

२५ मार्च २०२५ रोजी ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये नवी चित्रनिर्मिती सुविधा आणली आणि काही दिवसांत लग्नाचे, बारशाचे, राजकारण्यांचे फोटो ‘जिब्ली स्टाइल’मध्ये फिरू लागले. स्टुडिओ जिब्लीचे हायाओ मियाझाकी यांनी २०१६ मध्ये एनएचकेच्या माहितीपटात संगणकाने आपोआप तयार केलेल्या ॲनिमेशनचा नमुना बघून उघड तिटकारा व्यक्त केला होता. ती क्लिपही तेव्हा पुन्हा व्हायरल झाली.

कायद्याच्या नजरेने शैली कोणाच्या मालकीची नसते. संरक्षण असते ते प्रत्यक्ष चित्राला आणि ठळकपणे घडवलेल्या पात्राला. त्या चित्रांवर यंत्राला शिकवण्याआधी परवानगी घ्यायला हवी होती का, यावर अनेक देशांत वाद सुरू आहेत. पण चित्र शिकणाऱ्यासाठी नुकसान वेगळेच आहे. प्रॉम्प्ट लिहून झगा मिळतो, झग्याची चुणी कळत नाही. ज्याला सजावटीपुरते चित्र हवे त्याने एआय वापरावे. शिकायचे असलेल्याने तो वापरणे म्हणजे जिमला जाऊन दुसऱ्याला वजन उचलायला लावणे.

आणि ‘एआय आहे का?’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. बोटे मोजून एआय पकडण्याचे दिवस गेले. नुसत्या नजरेने दिलेला निकाल अनेकदा चुकतो, आणि त्याची शिक्षा नवशिक्याला होते. ज्याच्या चित्रात चुका आहेत, त्याच्यावरच संशय लवकर जातो. इबिस पेंट आणि प्रोक्रिएटमध्ये काम चालू असतानाचा व्हिडिओ आपोआप नोंदवला जातो. तो सोबत टाकला की वाद मिटतो. एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःचा प्रामाणिकपणा व्हिडिओने सिद्ध करावा लागावा, हे मात्र खटकणारेच आहे.

स्टिकर विकले तर?

इथे मामला बदलतो. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी रास्त वापराला मुभा आहे. वहीत किंवा फोनमध्ये केलेला सराव त्यात बसतो. पोस्ट करणे काटेकोरपणे पाहता करड्या भागात येते, पण बहुतेक कंपन्या त्याकडे फुकटची जाहिरात म्हणून पाहतात. प्रिंट, बॅज, टी-शर्ट विकणे हा व्यवसाय आहे आणि तिथे हक्कधारक हरकत घेऊ शकतो. ‘श्रेय दिले आहे’ हा बचाव चालत नाही. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. नाव बदलूनही सुटका नसते. नव्वदच्या दशकात ‘नागराज’च्या प्रकाशकाने ‘नागेश’ नावाच्या मिळत्याजुळत्या नागमानवाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि मनाई हुकूम मिळवला.

मग जपानमध्ये कसे चालते? तोक्योत १९७५ पासून भरणाऱ्या ‘कॉमिकेट’ या मेळ्यात चाहते स्वतः छापलेली कॉमिक्स विकतात, त्यातली अनेक प्रसिद्ध पात्रांवर बेतलेली असतात. कायदा तिथेही मोकळीक देत नाही. प्रकाशक काणाडोळा करतात, कारण उद्याचे चित्रकार तिथूनच येतात. ‘कार्डकॅप्टर साकुरा’ करणारा क्लॅम्प हा गट अशाच हौशी प्रकाशनांतून पुढे आला. आपल्याकडे अशी अलिखित समजूत अजून रुजलेली नाही. प्रकाशकांनी आणि निर्मात्यांनी ‘शंभर प्रतींपर्यंत विका, आमचा लोगो वापरू नका’ एवढे साधे नियम जाहीर केले तरी चित्रकारांच्या डोक्यावरची टांगती तलवार जाईल. काही गेम कंपन्यांनी अशी नियमावली दिलेलीही आहे.

तोवर एक दार उघडे आहे. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा कॉपीराइट त्याच्या निधनानंतर ६० वर्षांनी संपतो. चिं. वि. जोशी नोव्हेंबर १९६३ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत आलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ १ जानेवारी २०२४ पासून सर्वांचे झाले. योगायोगाने त्याच दिवशी अमेरिकेत ‘स्टीमबोट विली’मधला मूळ मिकी माउस खुला झाला. मिकीची बातमी जगभर झाली, चिमणरावांची फारशी नाही.

ॲनिमे शैलीतला गुंड्याभाऊ काढायला, छापायला आणि विकायला आता कोणाची परवानगी लागत नाही. अट एकच : दूरदर्शन मालिकेतले चेहरे उचलायचे नाहीत, त्यांचे हक्क वेगळे आहेत. पुस्तकातल्या चित्रांचे हक्कही त्या त्या चित्रकाराचे असू शकतात. ट्रेस करायला खालच्या लेअरवर काही ठेवता येणार नाही. चेहरा मजकुरातूनच शोधावा लागेल.