अभ्यास ज्याचा त्याचा

1 ऑगस्ट हा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा वर्धापनदिन. 2004 साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन एका जिल्ह्यापुरते हे विद्यापीठ उभे राहिले. दयानंद महाविद्यालय 1940 चे, संगमेश्वर 1953 चे; म्हणजे शिक्षणाची परंपरा शहरात आधीपासून होती, विद्यापीठ तेवढे घराजवळ आले. या दिवशी विद्यापीठाच्या प्रगतीचा आढावा घेतला जाईलच. पण याच सुमारास प्रथम वर्षाचा विद्यार्थी वर्गात नुकताच रुळू लागलेला असतो. विद्यापीठात अभ्यास करायचा तो कसा, हे त्याला कोण सांगते?

बारावीपर्यंत हा प्रश्न पडत नाही. शाळा, क्लास आणि ‘अपेक्षित प्रश्नसंच’ मिळून त्याचे वेळापत्रक ठरवतात. महाविद्यालयात रोज विचारणारे कोणी उरत नाही. जुलै-ऑगस्ट मोकळे जातात, सप्टेंबर गणपतीत आणि सबमिशनच्या धावपळीत सरतो आणि परीक्षा पंधरा दिवसांवर आली की झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. कुणा सीनियरच्या नोट्स, ‘आयएमपी’ची यादी, जुन्या प्रश्नपत्रिका. मग रात्री जागून घोकंपट्टी. पेपर सुटतोही, पण पुढच्या सत्रात त्याच विषयाचा दुसरा भाग समोर आला की पाटी कोरी असते.

नवे शैक्षणिक धोरण याच मुलाकडून काय अपेक्षा करते ते पाहू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40 क्रेडिट म्हणजे 1200 तासांचे अध्ययन धरले आहे. एका क्रेडिटला 30 तास. लेखी विषयात त्यातले वर्गातले तास 15. म्हणजे 4 क्रेडिटच्या विषयाला 60 तास शिकवणे आणि जवळपास तेवढाच वेळ विद्यार्थ्याचा स्वतःचा अभ्यास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा हिशेब विषयामागे आठवड्याला 4 तासांचा होतो. अर्धी पदवी वर्गाबाहेर मिळवायची आहे आणि त्या अर्ध्या भागाचे शिक्षण कोणत्याही तासिकेत नाही.

आपल्याकडे अभ्यास तासांवर मोजण्याची सवय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना अभिवादन म्हणून दरवर्षी ठिकठिकाणी ‘सलग अठरा तास अभ्यास’ होतो. त्यामागची भावना आदराची आहे. पण बाबासाहेबांनीच 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. ज्याच्याकडे अठरा तास नाहीत त्याला शिक्षणातून वगळायचे नाही, त्याच्या दिवसाला बसेल अशी व्यवस्था लावायची, हा धडा सोलापूरला अधिक लागू आहे. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात, आईला विड्या वळायला हात देत शिकणाऱ्या मुली आहेत. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून एसटीने येणारी मुले आहेत. त्यांना ‘रोज सहा तास एका जागी बसा’ हा सल्ला देणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

अभ्यासाचा कस तासांवर नसतो, हे प्रयोगांनीही दाखवले आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले. 2013 मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे या दोन सर्वांत उपयुक्त ठरल्या. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे तळाशी गेले. आपली मुले नेमके तेच करतात, कारण पान ओळखीचे वाटू लागले की विषय आला असा भास होतो.

यातली चांगली गोष्ट अशी, की उपयुक्त पद्धतीला ना पैसा लागतो ना स्वतंत्र खोली. एसटीत उभे राहूनही सकाळचा तास मनात उभा करता येतो. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, वर्गात मराठी आणि पुस्तक इंग्रजी, अशी तिहेरी कसरत करणाऱ्याने संकल्पना आधी घरच्या भाषेत मैत्रिणीला समजावून द्यावी. जिथे अडखळायला होईल तिथेच समजलेले नाही, हे लगेच कळते. मात्र त्यानंतर उत्तर पेपरच्या भाषेत लिहून पाहावेच. आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स नोव्हेंबरऐवजी ऑगस्टमध्ये काढावी. परीक्षेच्या तोंडावर ती अंदाज बांधायला वापरली जाते; आज पुस्तक मिटून सोडवली तर तीच उत्तम शिक्षक ठरते. पहाटे की रात्री, एकट्याने की गटात, हे ज्याने त्याने महिनाभर करून पाहून ठरवावे. दुसऱ्याचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवून कोणाचा अभ्यास होत नाही.

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. अंतर्गत गुण सत्राच्या शेवटी कागद भरून देण्याऐवजी पंधरवड्याला छोटी चाचणी घ्यावी आणि तपासलेले पेपर शेरे लिहून परत द्यावेत. घरी जागा नसलेल्यांसाठी अभ्यासिका संध्याकाळी आणि रविवारीही उघड्या असाव्यात. प्रत्येक अभ्यासक्रमात वर्गातल्या तासांचा तपशील असतो. उरलेल्या तासांत विद्यार्थ्याने काय करावे, हेही विद्यापीठाने त्यातच छापावे. वर्धापनदिनी एवढा एक निर्णय झाला तरी तो पुरेसा आहे.

प्रथम वर्षाच्या मुलामुलींनी मात्र त्या निर्णयाची वाट पाहू नये. आज वर्गात झालेला एक मुद्दा रात्री वही मिटून लिहून काढावा. जे आठवले ते तुमचे झाले. जे आठवले नाही, तोच उद्याचा अभ्यास.