हौस, हत्यार आणि आपण



आपल्या मंडळींत बंदुकीचा विषय निघाला की दोनच उद्गार ऐकू येतात: 'आपला काय संबंध?' आणि 'हे तर अमेरिकेचे दुखणे!' ऑन्टारिओत दोन तपे काढल्यावर मला दोन्ही पटेनासे झाले आहेत.

माझा एक निवृत्त सहकारी रिव्हॉल्व्हरने नेमबाजी करतो. त्याच्या तळघरात एक हातप्रेस, एक नाजूक तराजू आणि पितळी पुंगळ्यांचे डबे आहेत. वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, मोजलेली दारू आणि गोळी बसवून तो स्वतःची काडतुसे भरतो. स्वतःच्या वापरापुरते हे कॅनडात कायदेशीर आहे. पुंगळी पुन्हा वापरल्याने पैसे वाचतात, पण धोकाही खराच. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या मापाची. आजची थोडीशी दारू तिच्या तळाशीच राहते, त्यामुळे चुकून दुप्पट पडली तरी उतू जात नाही. मग सिलिंडर फुटतो, आणि तोही नेमबाजाच्याच हातात. म्हणून हा गृहस्थ काडतुसे भरताना रेडिओसुद्धा लावत नाही. त्याच्या या शिस्तीबद्दल मला आदर आहे.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी फेडरल सरकारने हँडगनची खरेदी-विक्री गोठवली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सी-२१ विधेयकाने त्यावर कायद्याची मोहोर उमटली. मोजके अपवाद सोडले, तर असलेले रिव्हॉल्व्हर वापरता येते, पण दुसऱ्या व्यक्तीला देता येत नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. 'म्हणजे आता हेच शेवटपर्यंत दुरुस्त करत राहायचे,' असे माझा मित्र म्हणतो. टोरांटोच्या गुन्ह्यांतली बहुतेक पिस्तुले सीमेपलीकडून चोरून येतात, शिक्षा मात्र आम्हाला, ही त्याची तक्रार. ती निराधार नाही.

मतभेद पुढे आहे. याच कायद्याने बंदुकीची नळी आणि पिस्तुलाची स्लाइड हे सुटे भागही नियंत्रणाखाली आणले. घरी हत्यार बनवण्यासाठी त्याचे संगणकीय आराखडे बाळगणेही गुन्हा ठरवला. मित्राच्या मते हा कारागिरावर अविश्वास आहे. मला तो आवश्यक वाटतो, आणि त्याचे कारण मी मराठी आहे.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २०१५ मध्ये कॉम्रेड पानसरे आणि प्रा. कलबुर्गी, २०१७ मध्ये गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांच्या हत्येत एकच ७.६५ मिमीचे गावठी पिस्तूल वापरल्याचे न्यायवैद्यक तपासणीत आढळले. हे कळले ते गोळ्यांवर आणि पुंगळ्यांवर उमटलेल्या खुणांवरून. नळी ही बंदुकीची सही असते. ती बदलली की सही बदलते. ज्या पिस्तुलाची कुठे नोंदच नाही, त्याची सही जुळली तरी मालकाचा पत्ता लागत नाही. दाभोलकर खटल्यात दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये, जवळजवळ अकरा वर्षांनी.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. स्प्रिंग बदला, मूठ घासा, आपल्यापुरती काडतुसे भरा. त्या हौसेला हसण्याचे कारण नाही. पण नळीला हात लावायचा तर परवाना आणि नोंद हवीच. नळी १०५ मिमी किंवा त्याहून आखूड असलेली हँडगन कॅनडात आधीच निषिद्ध वर्गात मोडते. म्हणजे कानस कुठे थांबावी, हे इथला कायदा पूर्वीपासून सांगत आला आहे.

विवेकवादी म्हणवणाऱ्या आपण या चर्चेत 'आपला काय संबंध' म्हणून गप्प बसू नये. आपल्या खासदाराला दोन्ही गोष्टी लिहा: सीमेवरची तस्करी रोखा, आणि सुट्या भागांवरचे नियंत्रण ढिले करू नका. माझ्या मित्राला मी हे तोंडावर सांगितले आहे. त्याला ते मान्य नाही. चहा मात्र अजून त्याच्याच तळघरात होतो.

तुमचे मत जरूर कळवा.