खोकणारं कुत्रं बोर्डिंगला आणू नका
दिवाळी आली की पुण्यातली मंडळी फिरायला निघतात आणि त्यांची कुत्री पिरंगुट-पौडकडच्या फार्महाऊसवर बोर्डिंगला येतात. धंद्याला माझी ना नाही, चार पोरांना काम मिळतं. पण आत घेताना खोकला कोण बघतं?

केनेल कफ म्हणजे कोरडी ढास, शेवटी उबळ आणि पांढरा फेस. आपल्याकडे लगेच ‘हाड अडकलं’ म्हणून घशात बोटं घालतात! लागण झाल्यावर खोकला दिसायला २ ते १४ दिवस जातात. तोवर सगळी एकाच भांड्यातलं पाणी पितात. कुंपणाला नाक लावणारी गावातली कुत्रीही सुटत नाहीत. त्यांना डॉक्टरकडे कोण नेणार?

धडधाकट कुत्रं २-३ आठवड्यांत बरं होतं. पिल्लाला, म्हाताऱ्याला मात्र न्यूमोनिया होऊ शकतो. खाणं सुटलं, ताप किंवा धाप असली तर थेट पशुवैद्य. घरातलं कफ सिरप पाजू नका. वेगळं ठेवा, गळ्यातला पट्टा काढा.

बोर्डिंगवाल्यांनी रेबीजसोबत या लसीचीही नोंद मागावी. लस घेऊनही खोकला होतो, पण बहुधा सौम्य. म्हणून खोकणारं कुत्रं फाटकातूनच परत पाठवा, ॲडव्हान्स परत द्यावा लागला तरी.